नागपूर परिसराची जुनी टोपोशीट: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

एक इंचाला एक मैल मापाच्या इंग्रजकालीन टोपोशीटच्या, म्हणजे नदीनाले, गावं, चढउतार दाखवणाऱ्या सरकारी नकाशांच्या स्कॅन प्रती वापरतोय. ५५ ओ/४ नंबरच्या शीटमध्ये नागपूर, तिच्या पूर्वेला लागून ५५ ओ/८. शहर पाहायची हौस पहिल्या आठवड्यातच फिटली: सीताबर्डी, अंबाझरी, कामठीची छावणी, मधे मोकळी वावरं. आज तिथे ले-आऊटच ले-आऊट. आम्ही कुही तालुक्यातले, शहराची घाण घेऊन नाग नदी येते त्या अंगाचे. आम्हाला खालचाच भाग कामाचा.

पाण्याच्या बाबतीत या शीटला तोड नाही. बारमाही पाणी निळ्या रेघेत, कोरडा नाला काळ्या. काठाशी बारीक अक्षरात ‘१२आर’ असं काही दिसलं, तर नाला तिथे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १२ फूट खोल. आमच्याकडची एक बोडी (लहान तळं) बुजून तिथे तुरी उभ्या आहेत. शीटवर तिची पाळ आणि तिला पाणी आणणारा नाला दोन्ही स्पष्ट आहेत. ग्रामपंचायतीत कागद पसरला तेव्हा म्हातारे लोक चष्मे पुसून वाकले. ‘हा पाहा ना बाबू, इथूनच पाणी ये,’ म्हणत एकानं बोट ठेवलं ते बरोबर काळ्या रेघेवर. गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावठाणंही यात सापडतात. २०१९ साली बंद झालेली नागपूर-नागभीड छोटी (नॅरोगेज) रेल्वे लाईनसुद्धा आहे.

धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणात मात्र ही शीट नेऊ नका. गट नंबर नाहीत, शेताच्या हद्दी नाहीत. त्यासाठी भूमी अभिलेखचा गावनकाशाच लागतो. पांदण दिसते, पण ती कोणाच्या वावरातून जाते हे कळत नाही.

मोबाईलच्या जीपीएसवर चढवताना जुना एव्हरेस्ट डेटम (या शीटचे अक्षांश-रेखांश ज्या जुन्या मोजणीवर बसवलेत ती) निवडायलाच हवा, नाहीतर विहीर शेजाऱ्याच्या वावरात जाऊन बसते. उंची फुटांत, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) ५० फुटांच्या अंतरानं. आमच्या सपाट बांध्यांमध्ये (धानाच्या वावरांत) मैलभरात एखादीच रेघ येते, त्यामुळे उताराचा अंदाज घ्यायला कमीच पडते.

छपाईचा वेगळाच ताप. दुकानदारानं कागदात बसवायला नकाशा आवळला आणि माप बिघडलं. नकाशाच्या कडेला छापलेली मैलांची पट्टी फूटपट्टीनं मोजून घ्या. एक मैल बरोबर एक इंच भरला तरच पैसे द्या.