आई-बाबा बोल्डरला येताहेत: गावामागचा डोंगर की रॉकी माउंटन पार्क?

कोलोरॅडोतल्या बोल्डरला शिकणाऱ्या मुलामुलींचे आई-बाबा बहुतेक वेळा मेच्या सुरुवातीला पदवीदानासाठी येतात, नाहीतर ऑगस्टमध्ये खोली लावून द्यायला. फिरायला धड एकच दिवस मिळतो. फोटो पाहिलेले असतात, त्यामुळे "ते मोठं रॉकी माउंटन नॅशनल पार्क बघायचंच" असं ठरूनच येतात. माझं मत आधीच सांगते. मे असेल तर गावाच्या पाठीशी असलेले डोंगर बघा. ऑगस्ट किंवा सप्टेंबर असेल तर पार्कला जा, पण आई-बाबांच्या तब्येतीचा नीट विचार करून.

पहिल्या वेळी मी नेमकं उलटं केलं होतं. पदवीदानाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो, पार्कच्या दाराशी असलेलं एस्टेस पार्क हे गाव ओलांडलं, आणि आत मेनी पार्क्स कर्व्ह या वळणापाशी रस्ता बंद! पार्कचा जीव म्हणजे ट्रेल रिज रोड. ४८ मैलांचा हा रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो आणि त्यातले सुमारे ११ मैल तर झाडं उगवतात त्या उंचीच्याही वर आहेत. तिथला बर्फ काढून रस्ता खुला व्हायला साधारण मेचा शेवटचा आठवडा उजाडतो, आणि ऑक्टोबरच्या मध्यात तो पुन्हा बंद होतो. पदवीदान त्याच्या दोन-तीन आठवडे आधीच उरकलेलं असतं. पार्कातल्या बेअर लेक या तळ्यापर्यंत गाडी जाते, पण त्या दिवसांत तळ्याभोवतीच्या वाटेवर तुडवून घट्ट झालेला बर्फ असतो. साठीच्या माणसाला साध्या बुटांवर तिथे चालवणं मला धोक्याचं वाटतं. बाबा काही बोलले नाहीत, पण बंद फाटकाकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

त्याच आठवड्यात बोल्डरमध्ये मात्र डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या शटॉक्वा या जुन्या वस्तीजवळचं कुरण हिरवं झालेलं असतं. कॅम्पसवरून बेसलाइन रोडने चढत पायी जाता येतं (हा रस्ता थेट ४० अंश उत्तर अक्षांशावरून जातो, बाबांना ही माहिती फार आवडली). १८९८ मध्ये सुरू झालेल्या या वस्तीतली लाकडी घरं, त्याच वर्षीचं सभागृह, आणि मागे फ्लॅटआयर्न्स. जुन्या लोखंडी इस्त्र्या उभ्या करून ठेवाव्यात तसे हे तिरपे लाल कडे. दगड सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. चालायला तिकीट नाही, वेळ राखून ठेवायची भानगड नाही, आणि आई दमली तर कुठूनही मागे फिरता येतं. पाय चांगले असतील त्यांनी रॉयल आर्च या दगडी कमानीपर्यंत जावं. चढ खडा आहे, जाऊन-येऊन तीन तास धरा. बाकीच्यांना कुरणातून झाडीपर्यंतची वाट पुरे. मी स्वतः शिकत असताना दर आठवड्याला तिथे जायचे आणि तरी मला ती जागा पुरली नाही.

उंचीचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. बोल्डर गावच ५,४३० फुटांवर आहे, म्हणजे आई-बाबा विमानतळावरून येऊन झोपतात ते जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर. ट्रेल रिजचा माथा त्याच्या दुपटीहून वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. दुसऱ्या खेपेला, सप्टेंबरमध्ये, आईला ट्रेल रिजवरच्या अल्पाइन व्हिजिटर सेंटरला डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली. खाली उतरल्यावर थांबली. म्हणून आल्या-आल्या पार्कला नेऊ नका. दोन-तीन दिवस गावात काढा, पाणी भरपूर प्यायला लावा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

हे सांभाळलं तर सप्टेंबरातल्या पार्कला तोड नाही. ॲस्पेनची पानं पिवळी पडलेली, संध्याकाळी एल्क या मोठ्या हरणांच्या नरांची ती लांबलचक शीळ. बोल्डरपासून एस्टेस पार्क साधारण ६० किलोमीटर, तासाभराचा रस्ता. मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत प्रवेशाची वेळ ऑनलाइन राखून ठेवावी लागते. बेअर लेकच्या रस्त्यासाठी पहाटे ५ ते संध्याकाळी ६ अशी सक्ती आहे, पण बाकी पार्कसाठी सकाळी ९ ते दुपारी २ एवढीच. म्हणजे ट्रेल रिजला जायचं तर नऊच्या आत फाटकावर पोचा. दुपारी उशिरा जाण्यात अर्थ नाही, कारण उन्हाळ्यात दुपारी वर विजा कडाडतात आणि उघड्या माळावर आडोसा नसतो. खर्चही बघा: २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांना, १६ वर्षं आणि त्यावरील प्रत्येकाला, नेहमीच्या शुल्काखेरीज १०० डॉलर जादा पडतात. आई-बाबा मिळून २०० डॉलर झाले.

एल्डोराडो कॅन्यन या दरीचं नाव या दोघांच्या मध्ये घ्यायला हवं. गावाच्या दक्षिणेला, अर्ध्या तासाच्या आत. फाउलर ट्रेलची वाट जवळजवळ सपाट आहे आणि समोरच्या कड्यावर दोर लावून चढणारी माणसं दिसतात. बाबांना तिथून हलवणं कठीण गेलं. फक्त उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी गाडीसाठी वेळ आधी घ्यावी लागते.

आणि गाडीच नसेल तर निवड सोपी आहे. सकाळी शटॉक्वा, दुपारी बोल्डर क्रीकच्या काठाने चालत दुशान्बे टीहाउस. ताजिकिस्तानातल्या कारागिरांच्या हातचं ते रंगवलेलं छत आईने मान वर करून इतका वेळ पाहिलं की चहा गार झाला.