सफरचंदाचं कलम सांगून बियांचं रोप गळ्यात मारतात, घेण्याआधी हे वाचा

घरी सफरचंद लावायचं म्हणून ऑनलाइन कलम (म्हणजे हव्या त्या जातीची काडी दुसऱ्या रोपावर जोडून केलेलं झाड) मागवणार असाल तर दोन मिनिटं काढून हे वाचाच.

मी ज्यावरून मागवलं त्या जाहिरातीत लिहिलं होतं की अ‍ॅना जातीचं कलम आहे, कमी थंडीत येतं, पुढच्याच वर्षी फळ. आता अ‍ॅना ही जात खरी आहे, इस्रायलमध्ये तयार झालेली, तिला हिवाळ्यात ७ अंशाच्या खालची थंडी एकूण २०० ते ३०० तास मिळाली तरी भागतं, रेड डिलिशस जातीला तेच ८०० च्या वर लागतात, त्यामुळे वाचून शंका यावी असं काहीच नव्हतं. ही लोकं असंच करतात, माहिती खरी देतात आणि माल खोटा.

रोप आलं तेव्हा बुंध्याला पट्टी गुंडाळलेली, लेबल लावलेलं, सगळं व्यवस्थित. वाढलंही जोमात, पण पानं बारीकच राहिली आणि फांद्यांना काट्यासारखी टोकं यायला लागली, तेव्हा डोक्यात पाल चुकचुकली. पट्टी सोडली तर आत सालीवर ब्लेडने मारलेला एक तिरका काप, तोही भरून आलेला, बाकी काही नाही. खऱ्या कलमाला मातीच्या वर साधारण वीतभर अंतरावर जोड असतो, तिथे फुगवटा किंवा थोडा बाक दिसतो, जोडाच्या वरची साल आणि खालची साल बहुतेक वेळा वेगळी असते. इथे खालपासून वरपर्यंत एकच गुळगुळीत खोड! बी रुजवायचं, वरवर काप मारायचा, पट्टी बांधायची आणि कलमाचे पैसे घ्यायचे, किती हा निर्लज्जपणा.

पैशांपेक्षा वर्षं वाया जातात याचा जास्त संताप येतो. कलमाला २ ते ४ वर्षांत फळ धरतं, बियांच्या झाडाला ६ ते १० वर्षं सहज लागतात आणि फळ मूळ जातीसारखं येतच नाही, बऱ्याचदा बारीक नि आंबट निघतं. तोपर्यंत विकणारा कुठे सापडणार? मी कापाचा फोटो पाठवला तर आधी म्हणाला खत घाला, धीर धरा, नंतर ब्लॉकच केलं.

आणि हो, "एकच झाड पुरतं" हे पण सांगतात. अ‍ॅनाला चांगलं फळ धरायला जवळ त्याच वेळी फुलणारी दुसरी जात लागते, बहुतेक लोक डोर्सेट गोल्डन लावतात.

पैसे द्यायच्या आधी पट्टी सोडून जोडाचा जवळून फोटो मागा, टाळाटाळ केली की विषय संपला.

माझं झाड मी काढणार नाहीये. बियांचं रोप खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर काडी जोडतात ते खालचं झाड म्हणून, चालतं, थंडी संपता संपता ओळखीतून खऱ्या अ‍ॅनाची काडी आणून त्यावरच कलम बांधणार, फक्त असं झाड मोठं होतं त्यामुळे कुंडीतून जमिनीत हलवावं लागेल.