करटोलीचे गड्डे, रोपं, बी आणि चूर्ण: बेळगाव-खानापुरात मिळणाऱ्या मालाचं परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकतो. वेल फुलावर असताना मादी म्हणून खूण केलेला गड्डा, म्हणजे वेलाचा जमिनीतला कंद, मिळत असेल तर घासाघीस न करता घ्या. पिशवीतलं बियांपासूनचं रोप निम्म्या दरात मिळालं तरी महागच पडतं. बियांच्या पुडीवर पैसे घालू नका. चूर्णाबद्दल शेवटी.

पावसाळ्याच्या सुरुवातीला करटोलीचा दर किलोला २०० रुपयांच्या पुढे असतो, म्हणून परसात एक-दोन वेल लावायची हौस बऱ्याच जणांना येते. विकणाराही ते ओळखून असतो. खानापूर, जांबोटीकडून येणारा माल ‘करटोली’ म्हणून मिळतो, कन्नड विक्रेत्याकडे ‘माडहागल’ म्हणून मागायचा. फसगत नावात होत नाही, होते ती नर-मादीत. करटोलीत नर फुलं एका वेलावर आणि मादी फुलं दुसऱ्या वेलावर येतात. नर वेल कितीही जोमाने मांडवभर पसरला तरी त्याला फळ धरत नाही. आणि झोपेतल्या गड्ड्याकडे बघून तो नर की मादी हे कुणालाच सांगता येत नाही, विकणाऱ्यालाही नाही. लांबट तो नर, गोल तो मादी असं छातीठोक सांगणारे भेटतात. तिथून पुढे चालायला लागावं.

त्यामुळे गड्डा घेताना प्रश्न एकच: खूण कधी केली? फुलं असताना वेलाच्या बुडाशी दोरी किंवा रंग लावून ठेवला असेल तरच ती खूण खरी. नर फुलाच्या देठावर, पाकळ्यांच्या लगेच खाली, पानासारखं हिरवं टोपरं असतं. मादी फुलाखाली मऊ काट्यांची इवलीशी करटोली आधीपासूनच दिसते. शक्य असेल तर श्रावणात विक्रेत्याच्या मांडवाखाली उभं राहून वेल स्वतः निवडावा आणि गड्डा वळवाच्या पावसाआधी उचलावा. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. दोनच वेल लावायचे असतील तरी एक नर लागतोच.

गड्ड्याचा माथा तपासा. कोंब तिथूनच फुटतो. कुदळीने माथा तुटलेला, सुरकुतलेला किंवा दाबल्यावर मऊ लागणारा गड्डा फुकट मिळाला तरी परत करा. दुसरा धोका कवंडळाचा. गणपतीवर टांगायच्या माटोळीला लाल फळं बांधतात तोच वेल, त्यालाही जाड मूळ असतं आणि रानातून आलेल्या ढिगात ते मिसळून येऊ शकतं. त्याची फुलं पांढरी आणि झालरीची, करटोलीची पिवळी. पण हे कळेपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो. चव घेऊन ओळखायच्या भानगडीत पडू नका, कवंडळ जहाल रेचक आहे. म्हणूनही अनोळखी ढिगापेक्षा मांडववाल्याकडून घेतलेलं बरं. शिवाय खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११पासून अभयारण्य आहे आणि तिथून गड्डे उकरून आणणं हा गुन्हा आहे. ‘आतलं जंगली’ असं कौतुकाने सांगून विकणाऱ्याला हे ऐकवायला हरकत नाही.

रोपवाटिकेतली रोपं दिसायला टवटवीत असतात, पण त्यांना पाचपैकी दोनच गुण. बियांपासूनच्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात आणि पिशवीवर तसं कुणी लिहीत नाही. दोन रोपं घेतली तर दोन्ही नर किंवा दोन्ही मादी निघण्याची शक्यता निम्मी, म्हणजे फळ नाहीच. त्याच रोपवाटिकेत मादी वेलाच्या छाटापासून केलेली रोपं असतील तर मत बदलतं, ती जरूर घ्या. लागवडीसाठी निवडलेली जातही काही ठिकाणी मिळते, उदाहरणार्थ रायपूरच्या कृषी विद्यापीठाची इंदिरा कंकोडा-१. फार मोठ्या फळाचं आमिष दाखवलं तर ती बहुधा करटोलीची थोरली बहीण ककरोल असते. भाजी चांगली होते, पण रानच्या करटोलीची चव तिला नाही.

बियांची पुडी नापास. कवच कठीण, ताजं बी कित्येक महिने सुप्त राहतं, आणि उगवलंच तरी नर-मादीचा जुगार आहेच.

लावणीचं थोडक्यात. वीतभर नव्हे, चांगला फूटभर खड्डा, त्यात दोन-तीन किलो कुजलेलं शेणखत, माथा वर, माथ्यावर दोन-तीन बोटं माती. दोन वेलांत दोन मीटर अंतर. कणकुंबीकडच्या धो-धो पावसात आणि बैलहोंगलच्या काळ्या रानातही आळं करू नका, उंचवटा करा. पाणी साचलं की गड्डा आतून कुजतो आणि वरची पानं पिवळी पडेपर्यंत पत्ता लागत नाही. शेण कच्चं असलं तरी हेच होतं.

‘फुलं येतात, बारकी फळं पिवळी होऊन गळतात’ ही तक्रार बेळगावातल्या शहापूर-टिळकवाडीच्या गच्च्यांवरून हमखास येते आणि दोष गड्ड्यावर ढकलला जातो. तो बहुतेक वेळा परागीभवनाचा असतो. फूल संध्याकाळी उमलतं, काम रात्रीच्या पतंगांचं, आणि शहरात ते पुरेसे नसतात. दिवेलागणीला नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच घासा. सकाळी केलं तर उशीर झालेला असतो. फळ दोन आठवड्यांच्या आत कोवळं तोडावं. वाकडी, टोचा पडलेली फळं म्हणजे फळमाशी. ती वेचून नष्ट करा, खतात टाकू नका.

आता चूर्ण. आयुर्वेदात ही कर्कोटकी, आणि न फळणाऱ्या नर वेलाला वंध्या कर्कोटकी म्हणून वेगळं स्थान आहे. त्याचा कंद औषधात घेतात. म्हणजे शेतकऱ्याला नकोसा गड्डा वैद्याला हवा असतो. पण बाजारातल्या डबीवर नुसतं ‘करटोली चूर्ण’ एवढंच असेल, फळाचं की कंदाचं हे नसेल, तर ती घेऊ नका. दोन्हींचा उपयोग आणि मात्रा वेगळी. परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक आणि तारीख बघा. ‘साखर मुळापासून घालवतं’ असं लिहिलेलं असेल तर डबी जागेवर ठेवा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी वैद्य किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. विंचू-सापाच्या दंशावर कंद उगाळून लावायचा सल्ला अजून ऐकू येतो. सापाला उपाय प्रतिसर्पविषाचं इंजेक्शन, आणि ते सरकारी दवाखान्यात.

घेतलेला गड्डा हिवाळ्यात वेल सुकला की मेला समजून फेकू नका. जागेवर राहू द्या, पाणी बंद करा, उंदीर-घुशींपासून वरती दगड ठेवा. वळीव पडला की दगड काढायचा.