बागेतील दिव्यांचे वायरलेस रिमोट: दाखवलेला नमुना एक, बसवलेला माल दुसरा

बागेतील दिव्यांसाठी वायरलेस रिमोट घेणार असाल, तर विक्रेत्याने चालवून दाखवलेला रिसीव्हर (रिमोटचा संदेश पकडून दिवा चालू-बंद करणारी डबी) आणि तो प्रत्यक्ष बसवतो तो रिसीव्हर एकच आहे का, हे डबी उघडून पाहिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आमची फसवणूक नेमकी याच ठिकाणी झाली.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घराला गडग्यापासून पडवीपर्यंत जांभ्याची लांब पायवाट आहे, दोन्ही बाजूंना कलमे आणि सुपारी आहेत, आणि पावसाळ्यात त्या वाटेवर शेवाळ धरते व रात्री विंचूकाट्याचे भय असते. त्यामुळे तिथला उजेड ही हौस नसून गरज आहे. जवळच्या शहरातील एका विक्रेत्याने पाऊस संपल्यानंतरच्या कोरड्या दिवसांत घरी येऊन प्रात्यक्षिक दाखवले. मोकळ्या अंगणातून बटण दाबताच गडग्याजवळचा दिवा लागत होता. ‘काका, डबी पाण्यात बुडवून ठेवलीत तरी काही होणार नाही,’ असे सांगत त्याने तिच्यावरचे आयपी ६७ हे स्टिकर दाखवले. रिसीव्हर, रिमोट, केबल आणि मजुरी मिळून अठ्ठावीस हजार रुपये ठरले, आणि बिलावर मात्र त्याने ‘बागेतील लाइटचे सामान’ एवढेच लिहिले.

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरींनंतर निम्मे दिवे लागेनात आणि दोन दिवे बंद होईनात. विक्रेत्याने फोनवर उत्तर दिले की झाडे वाढल्यामुळे रेंज कमी झाली असून, जादा पैसे दिल्यास तो ‘पॉवर वाढवलेला’ रिमोट देईल. हा फसवणुकीचा दुसरा टप्पा होता. असे रिमोट बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात, आणि त्या पट्ट्यात विनापरवाना वापरासाठी आपल्याकडे १० मिलिवॅटची मर्यादा आहे. ती ओलांडणारा रिमोट घरगुती गिऱ्हाइकाला विकणे हाच मुळात गैरप्रकार आहे. ओल्या पानांमुळे रेंज घटते हे खरे आहे, पण आमच्याकडचे कारण ते नव्हते.

गावातील जाणत्या वायरमनने डब्या उघडल्या तेव्हा ते कारण समोर आले. प्रात्यक्षिकातील रिसीव्हरची अँटेना बाहेर सरळ काढलेली होती. या वारंवारतेला पाव तरंगलांबीची, म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटरची तार लागते. बसवलेल्या डब्यांत ती तार बोटभर उरेल इतकी कापून आत दुमडली होती. झाकणाखाली रबराचे गॅस्केट नव्हते, केबल आत येते तिथली फट बंद करणारी ग्लँड नव्हती, आणि आयपी ६७ चे स्टिकर नखाने सोलल्यावर खाली प्लॅस्टिकवर आयपी २० असे कोरलेले निघाले. ‘आयपी’नंतरच्या दोन अंकांपैकी पहिला धुळीपासून आणि दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण सांगतो. दुसरा अंक सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी डबी, आणि शून्य म्हणजे पाण्यापासून कोणतेही संरक्षण नसलेली डबी. कोकणातल्या पावसात २३० व्होल्टची जोडणी अशा डबीत ठेवून देणे हा पैशांपुरता गुन्हा नाही. त्या वाटेने अनवाणी ये-जा करणाऱ्या माणसांच्या जिवाशी तो खेळ आहे.

बंद न होणाऱ्या दोन दिव्यांतील रिलेचे (दिव्याची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवरच्या स्विचचे) संपर्क एकमेकांना चिकटले होते. रिलेवर लिहिलेले १० अँपिअर हे हीटरसारख्या भारासाठीचे असतात. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला योग्य वीज पुरवणारे सर्किट, सुरू होताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढतो, म्हणून एलईडीसाठी वेगळे दिलेले मानांकन विचारावे लागते, आणि विक्रेत्याला ते ठाऊक नसेल अशी शक्यता मला वाटत नाही.

शेजारच्या वाडीतही त्याच माणसाने माल दिला होता आणि तिथल्या रिमोटने आमचे दिवे लागत होते. आतली चिप जुन्या पद्धतीच्या स्थिर कोडची, म्हणजे दर वेळी तोच कोड ओळखणारी, निघाली. तिच्या आठ पिना जोडून ६५६१ वेगवेगळे कोड करता येतात, पण सर्व डब्यांत त्या पिना मोकळ्याच सोडल्या होत्या, म्हणजे सर्वांचा कोड एकच. दिव्यांपुरता हा त्रास आहे. याच रिमोटवर फाटक किंवा पंप चालवणाऱ्यांनी प्रत्येक दाबण्यासोबत कोड बदलणारीच यंत्रणा मागावी.

खरेदीपूर्वी आणखी काही गोष्टी पाहता येतात. आयात केलेल्या मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. आमच्या खोक्यांवर यातले काहीही नव्हते. एलईडी ड्रायव्हरवर भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो आणि तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो. लाइट जाऊन परत आल्यावर दिवे आपोआप लागतात की बंदच राहतात, हेही मुख्य स्विच पाडून तिथेच पाहावे.

बिलात मॉडेल क्रमांक नसल्याचा आधार घेऊन विक्रेता आता हा माल आपला नव्हेच असे म्हणतो. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे निकाल न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही, आणि दावा दोन वर्षांच्या आत दाखल करायचा असतो. सोललेली स्टिकरे, उघडलेल्या डब्यांची छायाचित्रे, वायरमनचा लेखी अभिप्राय आणि ‘पॉवर वाढवून देतो’ हा विक्रेत्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश आम्ही तक्रारीला जोडला आहे. शेजारच्या वाडीतील कुटुंबानेही आपली स्वतंत्र तक्रार दिली आहे.