पद्मिनीचे चारही ड्रम ब्रेक: दुरुस्तीनंतर पावसाळा आणि हिवाळा काढल्यावर

गाडी १९८८ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, १०८९ सीसी, चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून शू दाबले जातात आणि शूवरचे लायनर (घासणारे पट्टे) गाडी थांबवतात. पायाचा जोर वाढवणारा सर्वो नाही, त्यामुळे पायात जेवढा जोर तेवढाच ब्रेक. गेल्या उन्हाळ्यात ब्रेकचं सगळं काम काढलं. त्यानंतर पुण्यातली रोजची ये-जा, मुंबई, ताम्हिणी, सगळीकडे फिरवून झाली. लायनर टाकल्या टाकल्या ‘झकास’ म्हणणं सोपं असतं, म्हणून थांबून लिहितोय.

मूळ तक्रार अशी की ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायची. एका गॅरेजमध्ये उजव्या पुढच्या चाकाचा ब्रेक सैल करून दिला, ‘आता ओढणार नाही’ म्हणाले. खरंच ओढली नाही, कारण आता दोन्हीकडे ब्रेक सारखाच कमी लागत होता! गाडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक बहुतेक वेळा आपलं काम नीट करत असतो. शोध घ्यायचा तो पलीकडच्या चाकाचा. ड्रम ब्रेकवर वाया जाणारा निम्मा पैसा चांगल्या चाकावरच खर्च होतो, असं माझं स्पष्ट मत झालंय.

माझ्या गाडीने आणखी एक खूण दिली होती. ब्रेकवरून पाय काढला की क्षणभर डावीकडे जायची. म्हणजे डावा ब्रेक लागतोही उशिरा आणि सुटतोही उशिरा. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली घोड्या लावल्या, एकाला पेडल दाबून सोडायला सांगितलं. उजवं चाक लगेच मोकळं, डावं जाम. डाव्या व्हील सिलिंडरचं (चाकातला, तेलाच्या दाबाने शू ढकलणारा) एअर म्हणजे तेलात अडकलेली हवा काढायचं निपल थोडं सैल केलं, तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक हाताने फिरायला लागलं. इथेच निम्मं निदान झालं. दाब सोडल्यावर चाक सुटतंय, म्हणजे शू, स्प्रिंग, सिलिंडर अडकलेले नाहीत, तेल मागे परतत नाहीये. पेडलच्या जोराने चारही चाकांकडे तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचं परतीचं भोक बुजलं असतं तर चारही चाकं धरली असती. राहिला तो रबरी होज पाइप. बाहेरून अगदी ठणठणीत, आतून मात्र फुगून वाट जवळजवळ बंद. पायाच्या जोराने तेल कसंबसं पुढे जायचं, पण स्प्रिंगच्या जोरावर मागे येईना. सगळ्या कामातली ही सर्वात स्वस्त वस्तू. पुढचे दोन्ही आणि मागचाही बदलला, कारण वय तिघांचं एकच.

दुसरी तक्रार पेडलची. पहिल्यांदा दाबलं की खोल जायचं, दुसऱ्यांदा दाबलं की वर कडक. हे ऐकलं की लोक लगेच एअर काढायला बसतात. एअर असेल तर पेडल स्पंजासारखं लागतं. दोनदा दाबून कडक होत असेल तर शू ड्रमपासून लांब आहेत, आधी ॲडजस्ट करा. आणि दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत असेल, बाहेर कुठे गळतीही नसेल, तर मास्टर सिलिंडरचा आतला रबरी कप गेला.

माझ्याकडे शू लांब होतेच, पण ॲडजस्ट करूनही समाधान होईना. ड्रम पूर्वी कधीतरी लेथवर टर्न केलेले, म्हणजे आतला व्यास वाढलेला. त्यात नेहमीच्या मापाचे नवे लायनर घातले की ते फक्त मधोमध टेकतात. लायनरवर खडू फासून ड्रम फिरवला, तर मधला एक पट्टाच पुसला गेला. शेवटी ड्रमच्या गोलाईप्रमाणे लायनर घासून देणारा जुना कारागीर शोधला. हे काम करणारे आता कमी झालेत, मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये गेल्यावर तर आणखीच. सुटे भाग मात्र कुर्ल्याच्या सीएसटी रोडला अजून मिळतात. गाडी बनायचीही कुर्ल्यातच.

मागच्या एका चाकात ॲक्सलचं ऑइल लायनरवर उतरलं होतं. ऑइल सील बदललं, लायनरही बदलले. पेट्रोलने धुऊन तेच बसवू नका, गरम झाले की आत मुरलेलं ऑइल पुन्हा वर येतं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा. सिलिंडरचे रबरी कप पेट्रोल-डिझेलमध्ये बुडवणाऱ्या मिस्त्रीला तर गाडीला हात लावू देऊ नका, रबर फुगतं आणि ब्रेक जाम होतात. ब्रेक ऑइल डॉट ३ काढून डॉट ४ भरलं. कोरडं, म्हणजे पाणी न शोषलेलं, असताना ते निदान २३० अंशांना उकळतं, डॉट ३ निदान २०५ला. पण दोन्ही हवेतलं पाणी ओढतात, म्हणून बाटली फोडून ठेवलेलं घेऊ नका.

आता इतक्या महिन्यांचा हिशोब. लायनर बसायला काही आठवडे गेले, तोवर पेडल थोडं खोल वाटायचं. मग एकदा पुन्हा ॲडजस्टमेंट केली आणि तेव्हापासून हात लावावा लागलेला नाही. गाडी सरळ थांबते. स्टिअरिंग सैल धरलं तरी रेषा सोडत नाही, हे या गाडीत मी प्रथमच अनुभवतोय.

पावसाने मात्र ड्रमचा स्वभाव दाखवला. ताम्हिणीत रस्त्यावरच्या पाण्यातून गेल्यावर पहिला ब्रेक जवळजवळ लागतच नाही. चालत्या गाडीत हलका ब्रेक धरून ठेवला की लायनर सुकतात. मागे कोणी नाही ना, तेवढं बघा. उतारावर दुसरा गिअर, ब्रेक अधूनमधून. सतत पाय ठेवला तर ड्रम तापून फैलावतो, शूपासून लांब जातो, लायनरची पकडही घटते, आणि मग पेडल कितीही दाबा. पुढच्या नव्या गाडीला डिस्क आणि एबीएस आहे, ती आपल्या आधी थांबणार, हे हायवेवर विसरायचं नाही.

पुढच्या चाकांना डिस्क बसवून घ्या, असं बरेच जण सुचवतात. माझ्या वापराला गरज वाटत नाही. रोज घाट उतरणाऱ्यांनी करावं, पण मास्टर सिलिंडरचाही विचार करून. ड्रमसाठीच्या अनेक मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्क घासत राहते.

सध्या एकच कुरकुर आहे. सकाळी मागचं डावं चाक किंचित चिरकतं, दोन-तीन ब्रेकनंतर थांबतं. पुढच्या वेळी ड्रम उघडेन तेव्हा लायनरच्या कडांना तिरका उतार देऊन बघणार आहे.