सिकाफ्लेक्स २९१ आय (होडीच्या फटी बुजवायचं सीलंट) लावून बुडाची फिटिंग परत बसवली, सात महिन्यांनंतरचा अनुभव

सप्टेंबरच्या शेवटी काम केलं, आता एप्रिल संपत आलाय, म्हणून आता लिहितोय. होडी १८ फुटी फायबरची, मागे बाहेरून लावलेलं ४० एचपीचं आउटबोर्ड इंजिन, रेवदंड्याच्या खाडीत बांधलेली असते. गरी टाकायला आणि घरच्यांना समोर कोर्लईपर्यंत फिरवायला, एवढाच वापर.

पावसाळ्यानंतर होडी पाण्यात सोडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तळात चार बोटं पाणी. पंपासाठी बुडाशी जी पितळी फिटिंग आहे ती चक्क हाताने हलत होती. मे महिन्यातच एका वर्कशॉपला पैसे मोजून ती टाइट करून घेतली होती! परत विचारलं तर म्हणे नट अजून आवळू. मला प्रचंड राग आला, कारण आतलं सीलंट एकदा सुटलं की नट आवळून गळती थांबत नाही, उलट फायबरला तडा जायची भीती. शेवटी होडी ट्रॉलीवर घेतली आणि स्वतःच उघडली.

आत बाथरूमचं सिलिकॉन निघालं. फिटिंग सुरीने खरवडली तर पिवळी नाही, गुलाबी. म्हणजे खाऱ्या पाण्याने पितळातलं जस्त खाल्लं आणि उरलं ते भुसभुशीत तांबं, पान्याने अजून दोन आटे दिले असते तर हातात आली असती. पाण्याखाली पितळ नकोच, ब्रॉन्झची (कांशाची) घ्या, महाग पडली तरी.

खरी मेहनत जुनं सिलिकॉन काढायची. त्याचा जरासा थर राहिला तरी वर दुसरं काही चिकटत नाही. अख्खा रविवार ८० नंबरचा पॉलिशपेपर आणि अ‍ॅसिटोन. मग सिकाफ्लेक्स सढळ हाताने लावलं, नट आधी हलकाच आवळला, सगळं दाबून पिळून काढायचं नाही, मध्ये थर राहिला पाहिजे. तासाभरात वर साय धरते पण तेवढ्यावर पाण्यात घालू नका, मी आठवडा थांबलो.

आता माझी मुख्य तक्रार, ट्यूब! ३०० मिलीची येते आणि एका फिटिंगला त्यातलं पाव पण लागत नाही. नोझलमध्ये मोठा स्क्रू घालून, वर टेप गुंडाळून ठेवली, महिन्याभरात आत दगड. हे हवेतल्या ओलाव्यानेच पिकतं, आपल्या कोकणात उघडलेली ट्यूब टिकणं कठीण. हजाराच्या वर पैसे दिलेले असतात हो, जीव तुटतो. म्हणून बुडाची सगळी कामं एकाच दिवशी काढा.

डिसेंबरमध्ये परत पाणी दिसलं तेव्हा वाटलं सीलंटनेच दगा दिला, रागात वाईट लिहायलाच बसलो होतो. आधी फिटिंगच्या भोवती टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला, सकाळी कोरडाच्या कोरडा. पाणी येत होतं मागच्या फळीवरच्या फिशफाइंडरच्या (मासे शोधायच्या यंत्राच्या) ट्रान्सड्यूसरच्या, म्हणजे पाण्यात आवाज सोडणाऱ्या सेन्सरच्या, स्क्रूमधून, तो मी सप्टेंबरमध्ये काढलाच नव्हता. स्क्रू काढला तर भोकातून चहासारखं पाणी आणि त्याबरोबर फळीच्या आतल्या कुजलेल्या प्लायचा चोथा. नुसतं सीलंट भरून उपयोग नव्हता, स्क्रूला पकडायला लाकूडच उरलं नव्हतं. भोक मोठं करून कुजकं सगळं काढलं, पंधरा दिवस सुकू दिलं, इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) भरली, मग त्या इपॉक्सीतच नवीन भोक पाडून ३१६ ग्रेडच्या (खाऱ्या पाण्यात सहज न गंजणाऱ्या) स्टीलचे स्क्रू आणि सिकाफ्लेक्स. त्यासाठी परत नवी ट्यूब!

तेव्हापासून तळ कोरडा आहे, आता सकाळी जाऊन पाणी उपसावं लागत नाही. सीलंटला पाच पैकी साडेचार, अर्धा कापला तो ट्यूबच्या साइजचा, शंभर मिलीची मिळाली तर कुठे मिळते तेवढं सांगा. मेअखेर होडी वर घेणार, तेव्हा ड्रेन प्लगच्या (तळातलं पाणी सोडायच्या बुचाच्या) बुशचे स्क्रू पण काढून बघायचेत.