ग्रामसभा की आमदारांचा जनता दरबार?

नळाला पाणी नाही, घरकुलाच्या यादीत नाव नाही. गाऱ्हाणं मांडायचं कुठे?

जनता दरबाराला कायद्याचा आधार नाही. आमदार अर्जावर ‘योग्य कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून तो तहसीलदाराकडे किंवा गटविकास अधिकाऱ्याकडे पाठवतात. अधिकारी समोरच बसलेले असतील, तर अडलेला दाखला त्याच दिवशी सुटूही शकतो. मात्र शेरा म्हणजे आदेश नव्हे. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांक घ्यावा. नाहीतर पुढे विचारायला हातात काहीच उरत नाही. शिवाय आमदारांच्या मर्जीतले लोक रांगेत पुढे असतात, हे उघड गुपित आहे.

ग्रामसभा संथ, पण तिथला ठराव दप्तरात राहतो. वर्षातून किमान 4 सभा घेणं बंधनकारक आहे. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी कमी असेल तो आकडा लागतो. गोम इथेच आहे: गणपूर्ती नसली की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पाच-दहा जण सगळ्या गावाचे ठराव करून टाकतात. त्यामुळे पहिल्याच सभेला माणसं जमवावीत, विषय आधी लेखी द्यावा, ठराव वाचून दाखवायला लावावा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) त्याची सही-शिक्क्याची प्रत मागावी.

एकट्याचं तातडीचं काम असेल तर दरबार. रस्ता, पाणी, लाभार्थी निवड यांसाठी ग्रामसभाच. तिथे सरपंचाला सगळ्यांसमोर खर्चाचा हिशेब विचारता येतो.